ओढ्याकाठचं पाल आणि तांबू

कुत्र्याला घेऊन सह्याद्रीत मुक्काम करायचा तर त्याचे दिवस ठरलेले आहेत. कोजागरी झाली की निघायचं आणि संक्रांतीनंतर थोड्याच दिवसांत आवरतं घ्यायचं. त्याआधी ओढे अंगावर येतात, त्यानंतर ते आटतात. मधले हे तीनेक महिने मात्र घाटमाथ्याजवळच्या कुठल्याही खोऱ्यात शिरा, पाणी निवळलेलं असतं, गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि दुपारच्या उन्हात खडक इतका छान तापतो की कुत्रं त्यावर अंग टाकतं ते चार वाजेपर्यंत उठत नाही.

आमची तांबू अशी झोपते. तांबू म्हणजे पुण्यातल्या रस्त्यावरून घरात आलेली गावठी कुत्री, रंगाने तांबडी, एक कान उभा आणि एक पडका. पानशेतच्या मागे आंबी नदीला मिळणारा एक ओढा आहे, तिथे आम्ही दोघं आणि ती, असे दर हिवाळ्यात जातो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओढा लहान आहे आणि चार गाड्या एकदम आल्या तर त्याच्या काठावर बसायला जागा उरणार नाही.

सह्याद्रीतला ओढा कुत्र्याला मानवतो याला कारण इथला दगड. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्या थरांवरून पाणी आजही पायऱ्या उतरत येतं. एका थराची कड आली की लहानशी धार, तिच्याखाली डोह, मग पुन्हा दहा-वीस पावलं सपाट कातळ. त्या सपाट भागात पाणी घोट्याएवढं असतं. तांबूला पोहायला येतं, पण आवडत नाही. तिला अशा कातळावर उभं राहून पाण्याकडे बघत राहायला आवडतं. पाणनिवळ्या वरून सरकतात, त्यांच्या सावल्या तळाशी पडतात आणि ती त्या सावल्यांवर पंजा मारते. एकदा दगडाखालचा खेकडा नांगी उगारून बाहेर आला. तिने नाक पुढे नेलं, मागे घेतलं, पुन्हा नेलं. खेकडा हलला नाही. शेवटी तिनेच पोटावर बसकण मारली आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. घरात पाच मिनिटं एका जागी न बसणारं हे जनावर ओढ्यावर अर्धा-अर्धा तास निश्चल राहतं. तेवढ्यासाठी मी पुण्यातून सगळं सामान लादून इथवर येते.

कुत्र्यांना प्रवेश देणाऱ्या मुक्कामाच्या जागा आता पुष्कळ झाल्या आहेत. पवनेच्या काठापासून भंडारदऱ्यापर्यंत कुठेही चौकशी केली की ‘हो, आणा की, थोडे जास्तीचे पैसे पडतील’ असं उत्तर मिळतं. अशा ठिकाणी आम्ही राहून पाहिलं आहे. तंबूला तंबू लागलेला, रात्री उशिरापर्यंत स्पीकर, शेकोट्यांच्या आसपास कोंबडीची हाडं. तांबू रात्रभर थरथरत होती आणि सकाळी तिच्या तोंडातून मला शिजलेलं हाड ओढून काढावं लागलं. शिजलेलं हाड चावलं की उभं चिरतं आणि आतड्याला भोक पाडू शकतं, त्यामुळे ती सकाळ फार वाईट गेली. पैसे घेऊन आत सोडणं आणि कुत्र्याची सोय असणं यांत फार अंतर आहे. तेव्हापासून मी एक धरून चालले आहे: कुत्रं चालेल का, हे ज्यांची ती जागा आहे त्यांना विचारायचं. आणि ओढ्याकाठी अशी मंडळी बरीच असतात. गाव असतं, गावची कुत्री असतात, वरच्या जंगलातली जनावरं असतात आणि खुद्द पाणी असतं.

आधी जंगलाचं सांगते, कारण तिथलं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड १९८६ पासून, ताम्हिणी २०१३ पासून. या हद्दींत तांबूला मी नेत नाही. नाक्यावर वनरक्षकाने गाडी अडवली म्हणून वाद घालणारी माणसं मी पाहिली आहेत, ‘आमचा कुत्रा काही करत नाही’ असं म्हणणारी. तो काही करत नसेलही. पण त्याच्या लाळेतून, शिंकेतून, विष्ठेतून जे मागे राहतं त्यावर त्याचा ताबा नसतो. गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात वीसहून अधिक सिंह दगावले आणि त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला. हा आजार मुळात कुत्र्यांत आढळणारा. आपल्याकडे कोल्हे आहेत, खोकड आहेत, रानकुत्री आहेत, बिबटे आहेत. तांबूची लस वेळेवर होते, तरी अभयारण्याच्या बाहेर इतकी खोरी मोकळी असताना आत जायचा हट्ट कशाला?

उरतं ते गावचं मालकीचं रान. आम्ही तंबू टाकतो ती एका बाबांची भाताची खाचरं आहेत. दिवाळीनंतर कापणी झाली की खाचरं रिकामी होतात, बांधाला लागून उंबर आणि जांभळाची झाडं आहेत आणि त्यापलीकडे उतारावर ओढा. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबा झोडणी करत होते. तांबूला बघून त्यांनी हातातला पेंढा खाली ठेवला.

“कुत्रं हाय व्हय संगं?”

“हो बाबा. चालेल का?”

“चालंल की. कोंबड्यांच्या मागं लागतंय का?”

मी खरं सांगितलं, की तिने कोंबडी कधी जवळून पाहिलेली नाही, तेव्हा माहीत नाही. बाबा हसले आणि म्हणाले, मग बांधून ठेवा, कोंबड्यांची वळख झाली की सोडा. त्यांनी सांगितलं ते आजही पाळते. वीस-पंचवीस हात लांब नायलॉनचा दोर, एक टोक तिच्या छातीच्या पट्ट्याला, दुसरं माझ्या कमरेला. एवढ्या दोरात तिला पाण्यात उतरता येतं, मातीत लोळता येतं आणि कुणाच्या कोंबडीपर्यंत पोचता येत नाही. शहरातल्या कुत्र्याने गावात एक कोंबडी मारली तर पैसे देऊन ती भरपाई होते, पण पुढच्या वर्षी तुम्हाला आणि तुमच्यानंतर कुत्रं घेऊन येणाऱ्या कुणालाच त्या बांधावर जागा मिळत नाही.

गावच्या कुत्र्यांची परवानगी घ्यायला जास्त वेळ लागतो. बाबांकडे दोन आहेत, शेजारच्या वस्तीवर तीन. गाडीतून उतरल्या-उतरल्या ती भुंकत येतात, आणि बहुतेक शहरी माणसं इथे आपलं कुत्रं उचलून तरी घेतात किंवा पट्टा आवळून धरतात. आवळलेल्या पट्ट्यावरच्या कुत्र्याची मान ताठ होते, छाती पुढे येते आणि समोरच्याला ते भांडायला उभं आहे असंच दिसतं. आम्ही गाडी वस्तीच्या अलीकडे लावतो, बाबांना हाक मारतो, त्यांनी त्यांची कुत्री घेतली की सगळे मिळून ओढ्यापर्यंत चालत जातो. चालताना तोंडं एकाच दिशेला असतात, समोरासमोर नसतात. ओढा येईपर्यंत शेपट्या सैल झालेल्या असतात. खाणं मात्र गाडीतून त्या पाचही जणांसमोर काढायचं नाही. मैत्री झालेली असली तरी भाकरीवरून ती मोडते.

भाकरीचं निघालं म्हणून सांगते. संध्याकाळी मावशी, म्हणजे बाबांच्या घरच्या, कोरभर नाचणीची भाकरी घेऊन येतात. तांबूसाठी. त्यावर ताक ओतलेलं असतं. मी पहिल्यांदा म्हटलं, “मावशी, तिला कोरडीही चालते.” त्यावर त्या म्हणाल्या, “कोरडी कशी द्यायची? नामदेवानं तुपाची वाटी घेऊन धावावं आन् आपण कोरडी द्यावी?” भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावणारे नामदेव मला शाळेपासून माहीत होते. त्यांच्या गोष्टीनुसार रोज संध्याकाळी कुत्र्याचं ताट वाढणारं कुणी मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

खरं तर कुत्र्यांसह ओढ्याकाठी मुक्काम करणारे आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेतच. मेंढपाळ धनगर दिवाळीनंतर दुष्काळी देशावरून निघतात, घोडीवर बिऱ्हाड लादलेलं, त्यावर कोंबड्या आणि कोकरं, बाजूने कुत्री. काही कळप घाट उतरून कोकणात जातात. वाटेत शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, लेंडीखत मिळतं म्हणून धान्य किंवा पैसे देतात. त्यांचा वाडा, म्हणजे मुक्काम, पडतो तो पाण्यापासून जरा वर, उघड्यावर, जिथून चारी बाजू दिसतात अशा जागी. कुत्री मेंढरांच्या बाहेरच्या कडेला असतात. भोरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एकदा अशा वाड्यापाशी थांबलो होतो, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या आजींनी तांबूकडे बघून विचारलं, “रातीला हिचं काम काय?” काही काम नाही, म्हटल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, मग आतच निजू द्या, घरातलं जनावर दिसतंय. तंबू कुठे टाकायचा हे मी त्या वाड्याकडे बघून शिकले. पाण्याला लागून कधीच नाही.

पाण्याला लागून नाही याला दुसरंही कारण आहे, ते म्हणजे वरचा पाऊस. तुमच्या डोक्यावर चांदणं असतं आणि घाटमाथ्यावर कोसळत असतं. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीला ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्यात पावसाळाभरात पडतो त्याच्या जवळपास जाणारा आकडा, एका दिवसात. त्याच्या आदल्याच महिन्यात, ३० जूनला, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. पावसाळ्यात आम्ही ओढ्याजवळ फिरकत नाही, कुत्रं असताना तर नाहीच, कारण वाहत्या पाण्यात कुत्रं अडकलं की माणूस विचार न करता उडी मारतो. परतीचा पाऊसही ऑक्टोबरात दगा देतो. म्हणून गेल्या-गेल्या मी काठावरची झाडं बघते. करंजाच्या फांद्यांत वाळकं गवत, काटक्या, प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. तिथवर यंदा पाणी आलं होतं. काही ठिकाणी ही खूण माझ्या डोक्याच्या वर असते. तंबू त्या रेषेच्याही बराच वर, बांधापलीकडे.

रात्र झाली की तांबू तंबूत. याबाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही, बाहेर किती छान हवा पडली आहे हे सांगणाऱ्यांचं तर नाहीच. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, “रातच्याला आत घ्या. वाघरू हिंडतंय.” गावाकडे बिबट्याला वाघरूच म्हणतात. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या रात्री गोठ्यात जातात, कुत्री अंगणात मोकळी असतात, म्हणून ती सापडतात. बाबांच्या घरची याआधीची दोन कुत्री अशीच गेली. त्यांनी ते सांगितलं तेव्हा आवाजात राग नव्हता. आता दोन्ही कुत्री रात्री पडवीत कोंडतात.

मागच्या हिवाळ्यातली एक रात्र. पहाटे दोन-अडीचची वेळ असेल. तांबू माझ्या पायांशी झोपली होती, ती एकदम ताठ झाली. मी हात ठेवला तर मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे. भुंकली नाही. छातीतून अगदी खालच्या सुरात गुरगुर येत होती, ऐकू येण्यापेक्षा हाताला जास्त कळत होती. ओढ्याच्या पलीकडे भेकर ओरडलं, एकदा, मग थांबून पुन्हा. आमचा कंदील बांधावर जळत होता, तो आम्ही रात्रभर ठेवतो. मी तिच्या तोंडाशी तोंड नेऊन तिचं नाव घेत राहिले. भेकराचा आवाज वर-वर सरकत गेला आणि खूप वेळाने तिचे केस खाली बसले. बिबट्या होता की नाही, मला दिसला नाही. सकाळी ओलसर मातीत ठसे शोधायला आम्ही गेलो नाही. जे कुणी तिथून गेलं ते त्याच्या वाटेने गेलं, आमचा तंबू त्याच्या वाटेत नव्हता, एवढं मला पुरेसं होतं.

आता पाणी. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण कुत्रं सोबत घेणारे आपण सगळे इथे फार बेफिकीर असतो. ज्या ओढ्यात तांबू उभी असते तो आंबीला मिळतो, आंबी पानशेतच्या धरणात जाते, पानशेतचं पाणी खडकवासल्यात येतं आणि तिथून आमच्या नळाला. घरी तांबूच्या वाडग्यात मी जे पाणी ओतते ते या खोऱ्यांतूनच उतरलेलं असतं. पण शहराला ते शुद्ध होऊन मिळतं. वस्तीवर मात्र बायका त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाच्या पाणवठ्यावर हंडे भरतात, गुरं जरा खाली पितात, कपडे त्याच्याही खाली. हा क्रम गावाने लावलेला आहे. तांबूची जागा कपड्यांच्या दगडाच्या खाली. तिची विष्ठा काठापासून सत्तर-ऐंशी पावलं लांब, वीतभर खड्ड्यात. याला दोन मिनिटं लागतात आणि त्यासाठी गाडीत खुरपं असतं.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. गोचीड होऊ नयेत म्हणून कुत्र्याच्या मानेवर औषधाचे थेंब टाकतात. त्यातल्या बऱ्याच औषधांत फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं, आणि ही दोन्ही मुळात कीटकनाशकं आहेत. इंग्लंडमधल्या वीस नद्यांच्या पाण्याची तपासणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक नमुन्यात फिप्रोनिल सापडलं, आणि अभ्यासकांचा मुख्य संशय पाळीव कुत्र्या-मांजरांच्या औषधांवर होता. थेंब टाकलेलं कुत्रं पाण्यात उतरलं की काही अंश पाण्यात जातो. आपल्या ओढ्यात तर डिसेंबरात पाणीच किती असतं? ज्या पाणनिवळ्यांमागे तांबू पंजे मारते, दगडाच्या बुडाला चिकटलेल्या ज्या अळ्यांवर मासे जगतात, त्या सगळ्या कीटकच. म्हणून ओढ्यावर जायच्या हंगामात आम्ही डॉक्टरांना विचारून तिला थेंबांऐवजी पोटात घ्यायची गोळी देतो.

गोळी असली तरी गोचीड चढतातच, ते चावल्यावर मरतात. रोज संध्याकाळी कंदिलाजवळ तिला आडवी करून बोटांच्या बेचक्या, कानांच्या मागच्या बाजू, काखा आणि शेपटीखालचा भाग चाचपायचा. सापडलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल, मीठ, जळती काडी यांतलं काही नको, त्याने तो पोटातलं उलट आत ओकतो. गोचीडतापाने कुत्री झपाट्याने खंगतात. ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या की घरगुती उपाय करत न बसता रक्त तपासायचं. लेप्टोस्पायरोसिसची लस मी चुकवत नाही, साठलेल्या पाण्याला उंदरा-घुशींचं मूत लागलेलं असतं. आणि सापांसाठी एकच काळजी: अंधार पडल्यावर पाचोळ्यात आणि दगडांच्या ढिगाशी तिला नाक घालू द्यायचं नाही. फुरसं आणि घोणस दोन्ही या पट्ट्यात आहेत, आणि कुत्र्याला चावा बसतो तो बहुतेक वेळा तोंडावर.

जानेवारीच्या शेवटाला धार बारीक होत जाते आणि मग एका दिवशी कातळ कोरडा दिसतो. फक्त डोह उरतात. हे डोह मग भेकरांचे, रानडुकरांचे, वानरांचे. त्यांना दुसरीकडे जायला जागा नसते. कुत्र्याचा वास काठावर रेंगाळला तर ती पाण्याला यायला बिचकतात. फेब्रुवारीपासून वणवेही लागतात, आणि वाळलेल्या गवतात आपली चूल नको. म्हणून त्याच्या आत आम्ही गाशा गुंडाळतो.

तांबूचं आता वय झालं आहे. थंडीत मागचे पाय आखडतात, बांध चढताना तिला खालून आधार द्यावा लागतो. यंदा ती ओढ्यापर्यंत उतरेल का, याची मला खात्री नाही. परवा बाबांना फोन केला, कापणी कधी होते विचारायला, तेव्हा मी हे सांगितलं. त्यांनी फोन मावशींकडे दिला.

“मग खाचरात कशाला जाताय?” मावशी म्हणाल्या. “अंगणात टाका की पाल. आमची दोघं हायेतच पडवीत, तिला बी घेतील. उन्हाचं हळूहळू न्या पाण्यावर, न्हाईतर बादलीभर आणून ठेवीन मी.”

कापणी दिवाळीच्या आठवड्यात आहे. गोळ्या आणल्या आहेत, लस झाली आहे, आणि तिच्या पायांसाठी जाड गोधडी वेगळी काढून ठेवली आहे.